जगाचा इतिहास आणि वर्गाचे नियम

जूनच्या मध्यावर शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात प्रत्येक वर्गात नियम सांगितले जातात. वही दोनशे पानी हवी, समास आखलेला हवा, गृहपाठ ठरल्या वारी दाखवायचा, गैरहजर राहिलात तर पालकांची चिठ्ठी आणायची, परीक्षेत नक्कल सापडली तर खैर नाही. गणिताच्या तासाला जे सांगतात तेच इतिहासाच्या तासाला. पालकसभेत याच यादीवरून शाळेची पारख होते. नियम म्हणजे शिस्त, आणि शिकवणं त्यानंतर सुरू होतं, ही समजूत शिक्षक, पालक आणि संस्थाचालक या तिघांच्याही अंगवळणी पडली आहे.

ही समजूत उथळ आहे. इतिहासाच्या, आणि त्यातही जगाच्या इतिहासाच्या वर्गात निम्मं शिकवणं नियमच करतात. विधान कशाच्या आधारावर करायचं, दुसऱ्याने लिहिलेलं केव्हा आणि कसं वापरायचं, न पटलेली गोष्ट कशी मांडायची, काम उशिरा झालं तर काय, गुण नेमके कशाला, या पाच प्रश्नांवर वर्गाने काय ठरवलं आहे ते बघावं. त्या वर्गातलं मूल इतिहास शिकतं आहे की इतिहासाच्या नावाखाली पाठांतर करतं आहे, हे तिथेच कळतं. पाठ्यपुस्तकं बदलतात, हे नियम बदलत नाहीत. म्हणूनच पाठ्यपुस्तक बदलून फारसं काही हाती लागत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडसारख्या तालुक्याच्या गावातल्या माध्यमिक शाळेत जगाच्या इतिहासाचा वर्ग कसा चालावा, त्याने मुलांकडून कशाची अपेक्षा धरावी आणि मुलांना काय कबूल करावं, हे मी इथे टप्प्याटप्प्याने मांडतो आहे.

१. आज जगाचा इतिहास कुठे आहे

राज्य मंडळाच्या शाळेत दहावीपर्यंत शिकलेल्या मुलाला जगाचा इतिहास किती भेटतो? आठवीच्या पुस्तकात ‘युरोप आणि भारत’ नावाचा धडा आहे. प्रबोधनापासून औद्योगिक क्रांतीपर्यंतचा काळ त्यात मोजक्या पानांत उरकला जातो. नववीचं पुस्तक मुख्यतः १९६० नंतरच्या भारताचं. २०१८ मध्ये आलेलं दहावीचं पुस्तक उपयोजित इतिहासाचं आहे: इतिहासलेखन, कला, प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन, वारशाचं जतन. त्याआधीच्या अभ्यासक्रमात दहावीला साम्राज्यवाद आणि दोन महायुद्धं होती. आता महायुद्धं, वसाहतींचं स्वातंत्र्य आणि शीतयुद्ध बारावीत गेली आहेत, म्हणजे अकरावी-बारावीला इतिहास हा विषय निवडणाऱ्यांपुरती. विज्ञान किंवा वाणिज्य शाखेला जाणारं मूल हिटलर, लेनिन, मंडेला यांना वर्गात नीट न भेटताच अठरा वर्षांचं होतं आणि मतदानाला जातं. ही माणसं त्याला मोबाइलवर भेटतात, दीड मिनिटाच्या चित्रफितीत, मागे संगीत लावलेली.

पण मला यापेक्षाही खटकतं ते वेगळंच. दहावीच्या पुस्तकात इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेवर धडा आहे. त्यात व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको आहेत. धड्याची निवड धाडसी आहे आणि ती करणाऱ्यांचं मी कौतुकच करतो. मूळ कागदपत्रं तपासल्याशिवाय लिहू नये, असा आग्रह धरणारा इतिहासकार म्हणून रांके मुलांना भेटतो. आणि हा रांके मुलं शिकतात कसा? गाईडमधून, एका ओळीच्या उत्तरात, अपेक्षित प्रश्नसंचात खूण केलेल्या जागी. मूळ साधनांचा आग्रह धरणाऱ्या माणसाबद्दलचं वाक्य तिसऱ्या-चौथ्या हातच्या छापील कागदावरून उतरवून घेतलं जातं आणि त्याला एक गुण मिळतो. धडा मुलाला साधनांकडे जायला सांगतो, वर्गाचा नियम त्याला उतरवून घ्यायला सांगतो, आणि मूल शहाणं असल्यामुळे ते नियमाचं ऐकतं.

२. चांदवडला जग नवं नाही

जगाचा इतिहास म्हणजे परक्यांचा इतिहास, आधी आपला शिकू, मग वेळ उरला तर तो, असं अनेकांना मनापासून वाटतं. चांदवडच्या रस्त्यावर उभं राहून हे म्हणता येत नाही. गावात रंगमहाल आहे, होळकरांचा वाडा. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ राज्य केलं. त्याच वर्षांत रशियात कॅथरीन राज्य करत होती, अमेरिकेतल्या तेरा वसाहती स्वतंत्र झाल्या आणि फ्रान्समध्ये राजाचं डोकं उडवलं गेलं. एका विधवा स्त्रीने मध्य भारतातलं राज्य चालवणं ही गोष्ट तिच्या काळातल्या इतर राज्यकर्त्या स्त्रियांशेजारी ठेवली की तिचं वेगळेपण दिसतं. एकटी ठेवली की फक्त आरती होते.

गावामागच्या किल्ल्याचंही तसंच. इंग्रजांच्या फौजेने तो १८०४ मध्ये घेतला, तो होळकरांकडे परत गेला, आणि १८१८ मध्ये कायमचा इंग्रजांकडे आला. हा केवळ होळकर आणि कंपनी यांच्यातला मामला नव्हता. १८०३ मध्ये युरोपात ब्रिटन आणि फ्रान्स यांचं युद्ध पुन्हा पेटलं होतं, शिंद्यांच्या कवायती फौजेत फ्रेंच अधिकारी होते, आणि गव्हर्नर जनरल वेलस्लीला त्यांची धास्ती होती. त्याचा धाकटा भाऊ आर्थर याने २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला मराठ्यांविरुद्धची लढाई जिंकली आणि बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. दोन्ही लढायांचा सेनापती एकच, पण आपली मुलं वॉटर्लूबद्दल सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचतात आणि असईबद्दल कुठेच वाचत नाहीत.

जिल्हा धुंडाळला तर असे दुवे जागोजाग सापडतात. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. कान्हेरे यांच्या मागे अभिनव भारत ही क्रांतिकारकांची संघटना होती, आणि अभिनव भारतच्या मागे मॅझिनीची ‘यंग इटली’. सावरकरांनी केलेलं मॅझिनीच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतर १९०७ मध्ये निघालं. इटलीचं एकीकरण वगळून नाशिकचा १९०९ शिकवणं म्हणजे घटना सांगणं आणि कारण गाळणं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या माणसांना. शेजारच्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. हा माणूस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूईकडे शिकला होता, आणि १९४६ मध्ये त्याने ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे करायच्या अर्जाची चौकशी केली होती.

आणि खुद्द चांदवड. ९ व १० नोव्हेंबर १९८६ रोजी शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन इथे भरलं. ‘चांदवडची शिदोरी’ या नावाने त्या अधिवेशनामागची मांडणी छापली गेली. संघटनेचे नेते शरद जोशी शेतीत येण्यापूर्वी स्वित्झर्लंडमध्ये, बर्नच्या जागतिक टपाल संघटनेच्या कचेरीत नोकरी करत होते. संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं महिला दशक १९८५ मध्ये नैरोबीच्या परिषदेने संपलं. त्याच्या पुढच्याच वर्षी चांदवडचं अधिवेशन झालं. नैरोबीत बायकांचे प्रश्न ज्या भाषेत मांडले गेले त्यापेक्षा चांदवडला मांडलेले कुठे वेगळे होते आणि कुठे तेच होते? हा प्रश्न नववीच्या वर्गाला पेलतो. ज्यांच्या आज्या त्या मांडवात बसल्या होत्या अशी मुलं तालुक्यातल्या वर्गांत आजही असतील. त्यांना हा प्रश्न कधी विचारला जात नाही, याला अभ्यासक्रमाचा दोष म्हणावा तितका थोडाच.

३. पहिला नियम: ‘कशावरून?’

वर्गाचा पहिला नियम असा असावा: इथे केलेल्या प्रत्येक विधानाला ‘कशावरून?’ असं विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि शिक्षकाचं विधानही त्यातून सुटत नाही. हा नियम भिंतीवर लिहून भागत नाही, तो रोजच्या कामात उतरावा लागतो. उदाहरण गावातूनच घेतो. चांदवडला टांकसाळ होती. मराठ्यांच्या अमलात तिथे पडलेल्या रुपयांवर फारसीत शाहआलम बादशहाचं नाव आहे, आणि टांकसाळीचं नाव ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असं. असा एक रुपया, किंवा त्याचं मोठं छायाचित्र, वर्गात फिरवावं आणि मुलांना तीनच गोष्टी लिहायला सांगाव्यात: यावर काय दिसतं, त्यावरून काय म्हणता येतं, आणि त्यावरून काय म्हणता येत नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नाण्यावर मोगल बादशहाचं नाव आहे म्हणून इथे बादशहाचं राज्य होतं, असं म्हणता येत नाही; दिल्लीचा बादशहा त्या काळात स्वतःच्या राजधानीचाही पुरता धनी नव्हता. मग त्याचं नाव कशासाठी? कारण बाजार ते नाव ओळखत होता. ईस्ट इंडिया कंपनीसुद्धा १८३५ पर्यंत शाहआलमच्या नावाने रुपये पाडत होती. इथवर आलेल्या वर्गाला युरोपातलं पवित्र रोमन साम्राज्य समजावून सांगायला फार वेळ लागत नाही: नावाला एक सम्राट, प्रत्यक्षात शेकडो राज्यं, आणि हे १८०६ पर्यंत चाललेलं. सत्ता आणि सत्तेचं नाव या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे जगाच्या इतिहासातलं मोठं सूत्र मूल एका नाण्यावरून शिकतं.

दुसरं साधन म्हणून नाशिक जिल्ह्याचं १८८३ चं इंग्रजी गॅझेटियर घ्यावं. चांदवडवरचा मजकूर शिक्षकाने मराठीत सांगावा आणि विचारावं, हे कुणी लिहिलं, कुणासाठी, त्याला कशाची मोजदाद हवी होती? साम्राज्य म्हणजे काय, हे तोफांच्या चित्रापेक्षा सरकारी मोजदादीच्या पुस्तकातून अधिक उघड होतं.

या नियमाचा एक भाग मोबाइलचाही आहे. आलेला संदेश किंवा यंत्राने लिहून दिलेला परिच्छेद वर्गात आणायला बंदी नसावी. पण आणणाऱ्याने त्याचं मूळ शोधून आणायचं. मूळ सापडलं नाही, तर ‘सापडलं नाही’ असं लिहायचं, आणि तेवढ्याला गुण द्यायचे.

४. दुसरा नियम: उतरवून घेणं बंद

आपल्याकडे नक्कल म्हटली की डोळ्यांसमोर परीक्षेचं केंद्र येतं. १९८२ चा गैरप्रकारविरोधी कायदा आहे, कॉपीमुक्त अभियान आहे, भरारी पथकं आहेत. हे सगळं तीन तासांच्या लेखी परीक्षेपुरतं. वर्षभर मात्र वर्गात दुसरं काय चालतं? शिक्षक उत्तर सांगतात, साठ मुलं तेच उत्तर त्याच शब्दांत वहीत उतरवतात, वहीवर लाल शाईत ‘छान’ पडतं. वर्षभर नक्कल हाच अभ्यास असतो आणि मार्चमध्ये तोच गुन्हा ठरतो. मुलाला यातलं न्याय-अन्याय काही कळत नाही, इतकंच कळतं की नक्कल करायची ती सापडू न देता. शाळेनेच दिलेला हा धडा आहे.

म्हणून दुसरा नियम: या वर्गात सांगितलेलं उत्तर लिहून घेतलं जाणार नाही. फळ्यावर तारखा, नावं, नकाशा येईल. उत्तर प्रत्येकाने आपल्या वाक्यात लिहायचं. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर ते अवतरणात आणि नावासह. सुरुवातीला मुलांची वाक्यं मोडकी असतील, वह्या कुरूप दिसतील, पालकसभेत तक्रार येईल. शाळेने ती तक्रार झेलावी, शिक्षकाला एकटं पाडू नये. आणि या नियमाला शिक्षा जोडू नये. उतरवलेलं सापडलं तर एकच करावं: ते परत द्यावं आणि तोंडी विचारावं. तोंडी सांगता येणारं मूल लिहूही शकतं, त्याला फक्त कुणी तसं करू दिलेलं नसतं.

५. तिसरा नियम: मतभेद

हा नियम लिहिणं सोपं आणि चालवणं सगळ्यात अवघड. तो असा: वर्गातल्या कुणालाही त्याच्या पूर्वजांबद्दल, जातीबद्दल, धर्माबद्दल किंवा घरच्या पक्षाबद्दल जाब विचारला जाणार नाही, आणि वर्गात मांडलेलं कुठलंही विधान, ते कुणालाही कितीही प्रिय असलं तरी, पुराव्याच्या प्रश्नातून सुटणार नाही. दोन्ही अर्धे एकत्रच चालतात. पहिला अर्धा गाळला की वर्गाचा आखाडा होतो, दुसरा गाळला की सगळे गोड बोलून गप्प बसतात.

एक कठीण उदाहरण घेतो. नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल १९३७ पासून आहे. तिचे संस्थापक डॉ. मुंजे १९३१ मध्ये इटलीत मुसोलिनीला भेटले होते आणि त्या भेटीची नोंद त्यांनी स्वतःच्या रोजनिशीत केली आहे. फॅसिझम शिकवताना हे सांगायचं की नाही? सांगायचं. त्या वेळी मुसोलिनीला भेटून भारावलेले लोक ब्रिटनमध्येही होते, हेही सांगायचं, म्हणजे १९३१ मध्ये जगाला काय दिसत होतं आणि काय दिसत नव्हतं याचा अंदाज येईल. आणि आज त्या शाळेत शिकणाऱ्या मुलाला त्यावरून टोमणा मारण्याचा हक्क कुणालाही नाही. लाल बावट्याच्या घरातल्या मुलापुढे स्टालिनच्या काळातला १९३२-३३ चा युक्रेनचा दुष्काळ याच रीतीने ठेवायचा, आणि चर्चिलचं कौतुक करणाऱ्यापुढे १९४३ चा बंगालचा दुष्काळ. मालेगाव इथून जवळ आहे. तालुक्यातल्या वर्गांत हिंदू, मुस्लिम, जैन, बौद्ध मुलं एका बाकावर बसतात. धर्मयुद्धं, गुलामांचा व्यापार, ज्यूंचा संहार, फाळणी हे विषय त्यांच्यासमोर काढायचे तर हा नियम पहिल्या दिवसापासून पाळलेला असावा लागतो. वाद पेटल्यावर तो आठवून उपयोग नाही.

५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, ग्रंथ आणि हस्तलिखितांची नासधूस झाली. एका पुस्तकातल्या मजकुराचा राग ज्या कपाटांत मूळ साधनं होती त्यांच्यावर निघाला. हल्ला करणारेही कुठल्या ना कुठल्या शाळेत इतिहास शिकले होते, पाठ करून पास झाले होते. न पटलेल्या वाक्याचं काय करायचं हे मात्र त्यांना कुठल्याच तासाला शिकवलं गेलं नव्हतं.

६. चौथा नियम: वेळ, हजेरी आणि कांदा

मंडळाचा नियम ७५ टक्के हजेरीचा आहे आणि तो असायला हवा. पण चांदवडच्या शाळेचं वर्ष कांद्याच्या वर्षाशी बांधलेलं आहे हे नाकारून चालणार नाही. उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्च-एप्रिलमध्ये. मजूर मिळत नाहीत तेव्हा घरातली सगळी माणसं वावरात असतात, त्यात नववीतली मुलगीही असते. शाळा बुडवून शेतात जाणं योग्य, असं मी म्हणत नाही. पण त्या मुलीला ‘उशीर झाला, शून्य’ असं सांगणारा नियम तिला काहीच शिकवत नाही. शून्य हा गुण तिला काय येतं हे सांगत नाही, ती कुठे होती एवढंच सांगतो.

म्हणून कामाच्या तारखा सत्राच्या सुरुवातीलाच जाहीर असाव्यात, लागवडीच्या आणि काढणीच्या आठवड्यांत मोठं काम नसावं, आणि प्रत्येक कामाला दुसरी तारीख असावी. दुसऱ्या तारखेनंतर सवलत नाही. दयेपोटी सगळं चालवून घेणारा शिक्षक मुलाला गंभीरपणे घेत नाही, असं माझं मत आहे; शेतकऱ्याचं मूल आहे, त्याच्याकडून एवढंच होणार, हा त्यातला छुपा निकाल मला फार लागतो.

उलट याच मुलाकडून जास्त अपेक्षा धरावी, कारण त्याच्याकडे असं काही आहे जे मुंबईच्या मुलाकडे नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांदा निर्यातीवर बंदी घातली आणि तीन दिवसांनी चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर रास्ता रोको झाला. आता ब्रिटनचे धान्य कायदे घ्या. १८१५ मध्ये तिथे परदेशी धान्यावर निर्बंध आले, धान्याचे भाव चढे राहिले, जमीनदार खूश, शहरातला मजूर आणि कारखानदार नाराज. मँचेस्टरच्या लोकांनी त्याविरुद्ध संघटना उभारली आणि १८४६ मध्ये पंतप्रधान पीलने ते कायदे रद्द केले. तिथे भाव चढा ठेवण्यासाठी सीमा आतल्या बाजूने बंद केली होती, इथे भाव पाडण्यासाठी बाहेरच्या बाजूने. शहर आणि शेत यांच्यात सरकार कुणाचं ऐकतं? ऑक्टोबर १७८९ मध्ये पावाच्या भावासाठी पॅरिसच्या बायका व्हर्सायवर चालून गेल्या, तेव्हा त्या भाव वाढावा म्हणून गेल्या नव्हत्या. बाजार समितीत ट्रॅक्टर लावून लिलावाची वाट बघितलेल्या मुलाला हे तीन प्रसंग शेजारी ठेवून दोन पानं लिहिता येतात, आणि ती दोन पानं कुठल्याही गाईडमध्ये सापडणार नाहीत. फक्त त्याच्याकडे ती कुणी मागितली पाहिजेत.

७. पाचवा नियम: गुण कशाचे

इतिहास आणि राज्यशास्त्राचा लेखी पेपर ४० गुणांचा, भूगोलाचा ४०, आणि दोहोंचे मिळून अंतर्गत २०. हे २० गुण बहुतेक ठिकाणी कसे वाटले जातात हे सगळ्यांना माहीत आहे. २०१९ मध्ये भाषांसह काही विषयांचे अंतर्गत गुण काढून टाकल्यावर दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला, आणि ते गुण लगेच परत आणले गेले. मला त्या गुणांवर राग नाही. शिक्षकाच्या हातात असलेली ती एकमेव मोकळी जागा आहे, आणि आपण ती खिरापत म्हणून वाटून टाकतो.

वर्गाने पहिल्या आठवड्यात सांगावं की अंतर्गत गुण कशाला मिळतील: साधनाच्या एका वाचनाला, गाव आणि जग जोडणाऱ्या एका लेखाला, आणि एका दुरुस्तीला. दुरुस्ती म्हणजे स्वतःचं आधीचं मत पुरावा पाहून बदलणं आणि का बदललं ते लिहिणं. मत बदलल्याबद्दल गुण देणारी शाळा मी अजून पाहिलेली नाही.

८. आक्षेप

वर्गात साठ मुलं, तासिका थोड्या, एवढं तपासणार कोण? प्रश्न खरा आहे. आठवड्याला पंधरा वह्या वाचल्या तर महिन्यात साठ होतात. आज साठही वह्यांवर सह्या होतात आणि वाचली एकही जात नाही. धडे कमी होतील, हे मान्य. कमी धडे नीट झालेले मला चालतील.

मंडळाच्या पेपरात हे विचारत नाहीत, मग गुण कमी पडतील. पडणार नाहीत, कारण ४० गुणांचा पेपर आपल्या वाक्यात लिहू शकणाऱ्या मुलाला अवघड नसतोच. शिवाय स्पर्धा परीक्षेचं स्वप्न तालुक्यातल्या घराघरांत आहे, आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत अठराव्या शतकापासूनचा जगाचा इतिहास २०१३ पासून आहे. हा मुद्दा पालकांना पटतो म्हणून सांगतो. माझी भिस्त त्याच्यावर नाही. जी मुलगी कधीच ती परीक्षा देणार नाही तिलाही हा वर्ग तितकाच लागू आहे.

मुलं लहान आहेत, त्यांना कशाला संहार आणि दुष्काळ? चौदा-पंधरा वर्षांची मुलं मोबाइलवर याहून वाईट पाहतात, तीही एकटी. वर्गात निदान शेजारी कुणी असतं आणि प्रश्न विचारता येतो.

शेवटचा आक्षेप शिक्षकाच्या भीतीचा, आणि तो मी सगळ्यात गंभीरपणे घेतो. कुणी ध्वनिमुद्रण केलं, एक वाक्य उचललं, कुठल्या तरी संघटनेची माणसं शाळेत आली, तर? एकट्या शिक्षकाच्या धैर्यावर हे सोपवणं अन्यायाचं आहे. म्हणून तर नियम लेखी हवेत, मुख्याध्यापकांच्या सहीचे हवेत आणि पालकांना आधी वाचून दाखवलेले हवेत. ‘कशावरून’ विचारणं हे त्या शिक्षकाचं वैयक्तिक मत ठरू नये, ते शाळेचं धोरण ठरावं. तक्रार आली तर उत्तर संस्थेने द्यायचं. जी संस्था एवढंही करणार नाही तिने आपल्या माहितीपत्रकात ‘सर्वांगीण विकास’ हे शब्द छापू नयेत.

९. चांदवड तालुक्यातल्या शिक्षकांना

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्याचा अभ्यासक्रम पुन्हा बांधला जातो आहे. त्यात जगाचा इतिहास परत येईल, कदाचित चांगला येईल. त्याची वाट पाहू नका. चांदवड तालुक्यातल्या इतिहासाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: येत्या मे महिन्यात एक दिवस रंगमहालाच्या परिसरात एकत्र बसा. वर्गात मुलांकडून काय अपेक्षा आहेत आणि मुलांना शिक्षकाकडून काय मिळेल, हे एका पानावर साध्या मराठीत लिहा. माझे पाच नियम पटले तर घ्या, नाही पटले तर तुमचे लिहा, पण प्रत्येक नियमापुढे तो का आहे याचं एक वाक्य असू द्या. ते पान शाळेच्या पहिल्या आठवड्यात मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा आणि पालकसभेत मोठ्याने वाचा. त्यासाठी मंडळाची परवानगी लागत नाही.